पिंडीवरचं आंबट दही

माझं माहेर सांगलीचं. कृष्णेच्या पाण्यावर वाढलेली मी. चुलीवर डाळ ठेवावी, दारात जाऊन शेजारणीशी जरा बोलावं आणि आत यावं, तोवर डाळ मेण झालेली असायची. आणि मला दिली कुठं? तर वडूजच्याही पुढं, एका डोंगराच्या पायथ्याला, जिथल्या पाण्यात डाळ म्हणून शिजायची नाही. सकाळपासून रटरट रटरट चाललेलं, जळण संपतंय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि डाळ आपली जशीच्या तशी, माझ्याकडं बघत बसलेली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी त्या पाण्याला शिव्या देण्यात घालवलं.

घरात माणसं मोजकी. सासूबाई, आमचे मालक, धाकटा दीर आणि मी. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणायचं. दीर भारी चेष्टेखोर. जेवताना डाळीचा एकेक दाणा दाताखाली कडाकडा फोडायचा आणि म्हणायचा, "वैनी, गोळ्या झ्याक झाल्यात. बंदुकीत घालाय चालतील." आत्याबाई पदराआड हसायच्या. मला राग यायचा, आणि हसूही यायचं.

पाणी चवीला गोड, पण जड. चुनखडीचं पाणी ते. हंड्यात रोज तापवलं की आतून पांढरा थर धरायचा, आणि तो इतका घट्ट की नखानं खरवडला तर नख तुटावं. आल्या आल्याच आत्याबाईंनी मला त्यावरचा उपाय शिकवला. "आंबट ताक वत त्यात. रातभर ऱ्हाऊ दे. सकाळी काथ्यानं घास, लोण्यावाणी सुटतंय बघ." तसंच व्हायचं. रात्रभरात ताक त्या चुन्याला खाऊन टाकायचं आणि सकाळी हंडा लख्ख. हे मी आताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण या ताकावरनंच झालं.

डोंगर काळ्या दगडाचा, पण त्याच्या माथ्याला चुनखडीचा जाड थर होता. अर्ध्या चढावर एक कपार होती, दोन माणसं वाकून आत बसतील एवढी. पावसाचं पाणी त्या चुनखडीतनं झिरपत खाली यायचं आणि कपारीच्या छतातनं बारा महिने थेंब थेंब गळायचं. जिथं थेंब पडायचा तिथं खालून एक पांढरी पिंड वर आली होती. कुणी घडवलेली नाही, कुणी बसवलेली नाही. सोललेल्या नारळाएवढी, वरून गुळगुळीत, अंधारातही पांढरी दिसणारी. गाव म्हणायचं, दर वर्षाला तिळाएवढी वाढते. आत्याबाई म्हणायच्या, "देव वाढतूया तवर घर वाढतंय."

त्या पिंडीच्या गळ्यात एक पितळी नाग होता. माझ्या आजेसासऱ्यांनी करवून घेतलेला. पिंडीला वेटोळं घालून फणा वर काढलेला. तो इतका घट्ट बसलेला की सणाला काढून घासायचा म्हटलं तर गुरवाला घाम फुटायचा. पूजा म्हणाल तर साधी. वरून थेंब पडतोय तोच अभिषेक. सोमवारी गुरव वर जायचा, बेलाचं पान वाहायचा आणि खाली यायचा. देवाची काही तक्रार नव्हती.

मग लढाई आली. साताऱ्याला भरती निघाली आणि आमच्या गावची तरणी पोरं भराभरा लष्करात गेली. दीरही गेला. जाताना आत्याबाईंच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "वैनी, माझ्या वाटणीची डाळ आत्ताच चुलीवर ठेवा. मी येस्तवर शिजंल." तो गेला आणि घर एकदम गप्प झालं.

इथंच आत्याबाईंनी देवाचं मनावर घेतलं. "पोरगं तिकडं आगीत उभं हाय, आन देवाला नुसतं पाणी? पाणी तर त्याचं त्येच पडतंय. आपलं काय त्यात?" दर सोमवारी दही घालायचं असं त्यांनी ठरवलं. दूध घालायचं तर ते आणायचं कुठनं? कोरडवाहू गाव, म्हैस एक, तीही आटत आलेली. म्हणून रोजचं चमचा-चमचाभर दही त्या एका लहानशा मडक्यात, बुडकुल्यात, साठवायच्या. सोमवार उजाडेपर्यंत ते असं आंबायचं की झाकण काढलं तरी माझे डोळे आपोआप मिटायचे. ते घेऊन ही बाई डोंगर चढायची, पिंडीवर ओतायची आणि तसंच राहू द्यायची. "देवाला निवांत खाऊ दे."

तेवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण त्यांना स्वच्छतेचं वेड. दिव्याच्या काजळीनं पिंड जरा काळवंडली होती. आत्याबाईंनी देवघरातली पितळ घासतात तशी तिला चिंच लावली आणि काथ्यानं खसाखसा घासली. पिंड अशी उजळली की गावातल्या बायका मुद्दाम बघायला गेल्या. "आत्याबाईनी देव नवा केला," म्हणाल्या. झालं! त्यानंतर दर सोमवारी दही आणि दर अमावास्येला चिंच. मला तेव्हा काही कळलं नाही, मी आपली खाली डाळीशी झगडत होते.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका सोमवारी आत्याबाई डोंगरावरनं खाली आल्या त्या दारातच बसल्या. तोंड पांढरंफटक. मी पाणी दिलं तर घेईनात.

"नाग खाली सरकलाय," म्हणाल्या. "गळ्यात हुता, पोटावर आलाय. हातानं फिरतोय गरागरा."

"मग नाग सैल झाला असेल."

"पितळ कशानं सैल हुतंय, बाई? देव कमी झालाय."

मागोमाग गुरव आला. या माणसाला बोलायची फार घाई. म्हणाला, "देव रुसलाय. आभिषेक वाढवा." आणि गेला निघून! काडी लावून मोकळा.

नेमकी त्याच सुमाराला दिराची पत्रं यायची थांबली. गावातल्या दुसऱ्या पोरांची येत होती, आमचीच नाही. कुणी म्हणायचं पलटण हलवलीय, कुणी म्हणायचं बोटीवर असेल, आणि काहीजण काहीच म्हणायचे नाहीत, नुसते मान हलवायचे. आत्याबाईंनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. तोंडानं कधी बोलल्या नाहीत, पण घरात सगळ्यांना कळत होतं. पिंड झिजतेय म्हणजे तिकडं लेक झिजतोय. पिंड संपली की लेक संपला.

त्यांनी एक वेळचं जेवण सोडलं. मग दुसऱ्या वेळचं अर्धं केलं. चोळीची बाही दंडावर नुसती लोंबायला लागली. आणि दही? दही वाढवलं! आता सोमवारी नि गुरुवारी. देव जसजसा झिजेल तसतसं दही जास्त, आणि दही जसजसं जास्त तसतसा देव आणखी झिजतोय. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मला कळलं ते हंड्यापाशी. रात्री ताक ओतून ठेवलं होतं. सकाळी हंडा उपडा केला, तर चुन्याचा भुगा पांढऱ्या पाण्याबरोबर भसकन अंगणात पडला. मी काथ्या हातात घेतला आणि तशीच थांबले. अगं बाई! हाच चुना, आणि हेच आंबट! चुलीपाशी लिंबू होतं. अंगणातनंच चुनखडीचा एक खडा उचलला आणि त्यावर लिंबू पिळलं. खडा फसफसला. बोट फिरवलं तर वरचा थर पिठासारखा सुटून आला.

तशीच उठले आणि डोंगर चढले. पिंडीच्या माथ्याला हात लावला. जिथं पूर्वी गुळगुळीत होतं तिथं आता खळगे होते आणि त्या खळग्यांत वाळलेलं दही. बाजूनं ओघळ जिथनं गेले होते तिथं दगडाला बारीक पन्हाळी पडल्या होत्या. देव कुठला रुसलाय! त्याला माझी सासू खात होती, चमचा-चमचानं.

आणखी एक दिसलं. कपारीच्या तोंडाशी, जिथनं मृगाचं पाणी धो धो आत यायचं, तिथला पांढरा थरही किडल्यासारखा झाला होता, आणि तिथं तर कुणी दही घालत नव्हतं. म्हणजे पाण्याचीही गंमतच. निवांत झिरपत आलं तर चुना आणून ठेवतं, जोरात आलं तर आहे तो घेऊन जातं. माझी डाळ न शिजवणारं हेच ते पाणी, त्याचा एकेक गुण मला आता कळत होता.

मालकांना सांगितलं. आधी हसले. "आता तू मास्तरीण व्हय?" मी खडा दाखवला, लिंबू दाखवलं. ते हसायचे थांबले. खडा हातात घेऊन नखानं खरवडून बघितला आणि म्हणाले, "आईला सांगू नगंस."

"का? सांगितलं की दही बंद होईल."

"तिला वाटतंय पिंड म्हंजे त्याचा जीव. आन तिला कळलं की तिच्याच हातानं ती खाल्ली, तर ती जगंल व्हय?"

आता बोला! सांगावं तर सासू जाते, न सांगावं तर पिंड जाते, आणि पिंड गेली की पुन्हा सासू जाते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आणि हा पेच मालकांनी माझ्या पदरात टाकला नि ते औत घेऊन रानात गेले. पुरुषांचं बरं असतं, त्यांना रान असतं.

मी गुरवाला गाठलं. म्हटलं, तुम्हीच सांगा आत्याबाईंना, देवाला आंबट नको म्हणून. तुमचं ऐकतील. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी देवळाला टाळं ठोकायला सांगतेय. "आवं वैनी, पंचामृतात दही असतंय! दही काढलं तर ऱ्हायलं काय? चतुरामृत करू का?" वर म्हणाला, "तुमी सांगलीची मानसं लय शिकल्याली." मी हात जोडले आणि घरी आले.

मग मी माझी अक्कल चालवली. आमच्याकडं नवसाला आवडीची वस्तू सोडतात. कुणी गूळ सोडतं, कुणी पान. आत्याबाईंना आंबटाची भारी आवड. ताकाशिवाय घास उतरायचा नाही. त्यांना म्हटलं, "आत्याबाई, भाऊजींच्या नावानं आंबट सोडा. ते परत येईपर्यंत या घरात आंबटाला शिवायचं नाही. ताक नाही, दही नाही, चिंच नाही." मला वाटलं, घरातनं दहीच गेलं की देवावरचं दही आपोआप जाईल. किती शहाणी माझी मी!

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुणाची गं माझी बाय ती. मला कसं सुचलं न्हाई?" लगेच देवासमोर पाणी सोडून आंबट सोडलं. त्या दिवशी मला फार दिवसांनी शांत झोप लागली.

सोमवारी बघते तर त्या बुडकुलं सोडून मोठं मडकं घेऊन निघालेल्या.

"हे काय?"

"दही."

"अहो, आंबट सोडलंय ना तुम्ही?"

"मी सोडलं की. देवानं न्हाई सोडल्यालं. माझ्या वाटणीचं आता त्याला नगं द्याय? माझं, तुझं, तुझ्या मालकाचं, समद्यांचं साठवलंय."

कपाळ माझं! मी दारात उभी राहून खरोखर कपाळावर हात मारून घेतला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. घरात ताकाचा थेंब नाही, मालक कोरडी भाकरी चावत माझ्याकडं बघतायत, आणि डोंगरावर देव दह्यात बुडालाय. पिंडीचा जीव वाचवायला गेले आणि तिच्यावरचं दही दुप्पट करून बसले.

पुढं काही आठवड्यांनी आत्याबाई मला म्हणाल्या, "आज तूबी चल. मला चढवंना." त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, माझ्या दुसऱ्या हातात ते मडकं. वाटेत त्या बसत-उठत होत्या. अंगात काही उरलंच नव्हतं. कपारीत वाकून शिरलो आणि त्यांनी दिवा पुढं धरला.

नाग खाली पडला होता. पुरता निसटून जमिनीवर. पिंड आता लिंबाएवढी नाही तरी पेरूएवढीच राहिली होती.

आत्याबाई बसल्या. नाग उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्यावरचं पाणी पदरानं पुसलं. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गेला."

"कोण गेला?"

"माझा लेक. आज गेला. ह्यो बघ, सोडलं देवानं त्याला."

मला काय झालं कुणास ठाऊक. इतक्या दिवसांचं सगळं, ते दही, ते चतुरामृत, ती न शिजणारी डाळ, मालकांचं रान, सगळं एकदम घशाशी आलं. मी मडकं दाणकन खाली ठेवलं आणि ओरडले, "कोणी गेलेला नाही! आत्याबाई, हंड्यातला चुना कशानं सुटतो?"

सुनेनं आवाज चढवलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"सांगा ना. कशानं सुटतो?"

"ताकानं."

"कुणी शिकवलं मला?"

"म्या."

"मग ही पिंड कशाची आहे? चुन्याचीच! वरून पाण्यातनं चुना आला आणि साठला, हंड्यात साठतो तसा. आणि तुम्ही दोन वर्षं तिच्यावर आंबट ओतताय. चिंच लावून घासताय! राहील कशी ती? देवानं काही केलं नाही. तुमच्या दह्यानं झिजली ती!"

बोलले आणि माझी जीभ चावली. मालकांचे शब्द आठवले. मला वाटलं, आता ही म्हातारी इथंच डोळे मिटणार, आणि खाली जाऊन मी काय सांगणार?

आत्याबाईंनी पिंडीवरनं बोट फिरवलं. एका खळग्यातलं वाळलेलं दही नखानं काढलं, बोटं एकमेकांवर चोळून बघितली. हंडा घासून झाल्यावर बघतात तशी.

"म्हंजे हे समदं म्या केलं?"

"हो."

"देवानं न्हाई?"

"नाही."

"देवानं मला त्याचं काय सांगितलंच न्हाई? बरं न्हाई, वाईट न्हाई, कायबी न्हाई?"

"नाही, आत्याबाई."

त्या माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांच्या तोंडावर काय हळूहळू पसरत होतं ते मला आधी कळेना. "मग माझं पोरगं असंल की गं," म्हणाल्या. "मग असंल की त्यो!" आणि तेव्हा रडल्या. मांडीवरचा नाग छातीशी धरून, तोंड उघडं टाकून, पोरीसारख्या रडल्या. मीही रडले. राग तसाच होता, पण रडले.

जरा निवल्यावर डोळे पुसले आणि मलाच म्हणाल्या, "तुला कवा कळलं हे?"

मी सांगितलं.

"आन इतकं दीस तोंड शिवून बसलीस? मी उपाशी मरतीया, आन ही बाय गप! काय म्हनावं आता!"

घ्या! पुन्हा मीच. पण घरी आल्यावर त्यांनी आपण होऊन भाकरी मागितली. आंबट सोडलेलंच होतं, म्हणून चटणीशी खाल्ली, एकीवर एक. मालक उंबऱ्यात उभं राहून बघत होते.

दही त्या दिवसापासून बंद झालं. पिंडीवर आता वरचं पाणीच पडायचं. आत्याबाई सोमवारी जायच्या, बेल वाहायच्या, माथ्यावरच्या खळग्यात बोट घालून बघायच्या आणि खाली आल्यावर मला सांगायच्या, "भरतुया जरा जरा." तेवढ्यात काय भरणार होतं? मी हो म्हणायची.

लढाई थांबली आणि गावची पोरं एक एक करून परत यायला लागली. काही घरी आलीच नाहीत. आमचा आला. वाळलेला, काळा ठिक्कर पडलेला, एका कानानं कमी ऐकणारा. दुष्मनाच्या कैदेत होता इतके दिवस, म्हणून पत्र नव्हतं. अंगणात उभा राहून ओरडला, "वैनी, शिजली का डाळ?" आत्याबाई आतनं धावत आल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदा बघितलं.

दोन-चार दिवस गेले आणि माझ्या लक्षात आलं की घरात पुन्हा दही साठतंय. थोडंथोडकं नाही, चांगली पितळी घागर. आळीतल्या बायका वाटी-वाटी आणून ओततायत. मी विचारलं तर आत्याबाई नजर चुकवायच्या. शेवटी म्हणाल्या, "नवस हाय. नाग पैल्यांदा सरकला तवा बोलले हुते. पोरगं घरी येऊ दे, घागरभर दह्यानं न्हाऊ घालीन."

"आत्याबाई!"

"वराडू नगंस. बोललेलं फेडाय लागतंय."

"अहो, उरलीय कुठं ती? एवढीशी! घागरभर घातलंत तर झिजेल की!"

"झिजू दे की," म्हणाल्या. "कशाला हाय मग देव?"

मालकांकडं बघितलं तर ते आकाशाकडं बघत होते. दिराकडं बघितलं तर त्याला ऐकूच आलं नव्हतं.

सोमवारी आम्ही सगळे वर गेलो. घागर दिरानं आणली. कपारीत आत्याबाई आणि मीच शिरलो. त्यांनी पिंडीला हात लावून डोक्याला लावला, घागर उचलायला गेल्या, पण ती त्यांना उचलेना. बाहेरून लेक म्हणाला, "आये, मी घालू का?" त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं. "तू वत," म्हणाल्या. "तुझाबी देव हाय."

मी दोन्ही हातांनी घागर उचलली आणि पिंडीवर सगळी ओतली. आत्याबाईंनी माझ्या हाताला हात लावून ठेवला होता. दही आठ दिवसांचं होतं, आणि वासावरनंच कळत होतं, चांगलंच आंबट होतं.